व्हीआरमध्ये विमान उडवायचंय? पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे

आजचा विषय गेले कित्येक आठवडे तुमच्या मेसेजेसमध्ये येतोय. फ्लाइट सिम्युलेटर व्हीआरमध्ये उडवायचा असेल तर कॉम्प्युटर कोणता घ्यायचा आणि हेडसेट कोणता? बसमध्ये, लोकलमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. "हे मॉडेल घ्या, लिंक खाली दिली आहे" असला एपिसोड हा नाही. मॉडेल्स दर वर्षी बदलतात आणि दर तर महिन्याला बदलतात. पण यामागचा हिशोब बदलत नाही. तो एकदा डोक्यात बसला की दुकानदार काहीही म्हणाला तरी तुम्हाला कळेल की आपले पैसे कामाला लागतायत की नुसते आरजीबी लाइटमध्ये जातायत.

मुळात व्हीआर कशासाठी?

मॉनिटरवर विमान उडवताना सगळ्यात अवघड काय असतं? लँडिंग. रनवे किती लांब आहे, आपण किती उंचीवर आहोत, नाक कधी उचलायचं, हे सपाट चित्रावरून ओळखावं लागतं. व्हीआरमध्ये दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं जातात आणि खोली जाणवते. दुसरं म्हणजे मान. सर्किटमध्ये शेवटचं वळण घेताना पायलट रनवेकडे मान वळवून बघतो. मॉनिटरवर त्यासाठी जॉयस्टिकचं बटण दाबावं लागतं. व्हीआरमध्ये तुम्ही फक्त बघता.

हे नुसतं खेळण्यातलं कौतुक नाही बरं का. एप्रिल २०२१ मध्ये युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने, म्हणजे ईएएसएने, व्हीआरवर चालणाऱ्या एका ट्रेनिंग सिम्युलेटरला पहिल्यांदा मान्यता दिली. रॉबिन्सन आर२२ या छोट्या हेलिकॉप्टरचा तो सिम्युलेटर एका स्विस कंपनीने बनवला होता. हेलिकॉप्टर हवेत एका जागी स्थिर ठेवायचं तर खोलीचा अंदाज लागतो, आणि तिथे व्हीआर उपयोगी पडतो. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पिक्सेलचा हिशोब

आता मुद्द्याचं. कागद-पेन घ्या, साधा गुणाकार आहे.

आपला नेहमीचा फुल एचडी मॉनिटर १९२० गुणिले १०८०. म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल. मेटा क्वेस्ट ३ मध्ये एका डोळ्याला २०६४ गुणिले २२०८. दोन डोळ्यांचे मिळून ९१ लाख पिक्सेल. म्हणजे ४के मॉनिटरपेक्षाही जास्त. पिमॅक्स क्रिस्टल घेतला तर एका डोळ्याला २८८० गुणिले २८८०, दोन्ही मिळून १ कोटी ६५ लाखांच्या वर. फुल एचडीच्या बरोब्बर आठपट!

आणि एवढ्यावर भागत नाही. हेडसेटची भिंगं चित्र वाकवतात. ते सरळ दिसावं म्हणून कॉम्प्युटर चित्र आधीच उलट दिशेने वाकवतो. त्यात मधल्या भागाचा तपशील जाऊ नये म्हणून स्क्रीनच्या रिझोल्यूशनपेक्षाही मोठं चित्र तयार करावं लागतं.

आता वेळ बघा. ९० हर्ट्झवर चालणाऱ्या हेडसेटला दर ११.१ मिलिसेकंदाला नवं चित्र हवं. ७२ हर्ट्झला १३.९ मिलिसेकंद. मॉनिटरवर गेम सेकंदाला ४० चित्रांवर आला तर आपण खपवून घेतो. व्हीआरमध्ये चित्र उशिरा आलं तर मान वळली पण जग वळलं नाही असं होतं, आणि पोटाला ते लगेच कळतं.

म्हणून मित्राचा कॉम्प्युटर मॉनिटरवर सिम्युलेटर मस्त चालवतोय यावरून तो व्हीआर चालवेल असं समजू नका. तो चारपट-आठपट काम करत नाहीये.

सीपीयू: कोअर मोजू नका

बरेच जण विचारतात, सोळा कोअरचा प्रोसेसर घेऊ का? फ्लाइट सिम्युलेटरचं गणित थोडं वेगळं आहे. विमानाचं उड्डाण, हवामान, कॉकपिटमधली उपकरणं, आजूबाजूची वाहतूक या सगळ्याचा मोठा भाग एका मुख्य थ्रेडवर चालतो. बाकी कोअर मदत करतात, पण मुख्य थ्रेड थांबला की सगळे थांबतात. लग्नाच्या पंगतीत वाढपी दहा असले तरी आचारी एकच असेल तर पंगत आचाऱ्याच्या वेगानेच चालणार, तसं.

म्हणून इथे दोन गोष्टी बघायच्या: एका कोअरचा वेग आणि कॅशे. एएमडीच्या नावात एक्सथ्रीडी असलेले प्रोसेसर सिम्युलेटरवाल्यांमध्ये एवढे लोकप्रिय आहेत ते याचमुळे. २०२२ चा रायझन ७ ५८००एक्सथ्रीडी, २०२३ चा ७८००एक्सथ्रीडी, २०२४ चा ९८००एक्सथ्रीडी, तिन्हींत कोअर फक्त आठ, पण एल३ कॅशे ९६ एमबी. सिम्युलेटरला सतत लागणारा डेटा रॅमपर्यंत न जाता जवळच सापडतो.

जुना एएम४ बोर्ड असलेल्यांसाठी आनंदाची गोष्ट: बोर्ड, रॅम सगळं न बदलता फक्त ५७००एक्सथ्रीडी किंवा ५८००एक्सथ्रीडी बसवता येतो. आधी बोर्डाच्या बायोसमध्ये त्या प्रोसेसरचा सपोर्ट आहे का ते बघा. नवा किंवा चांगला सेकंड हॅन्ड मिळाला तर हजारो रुपये वाचतात.

ग्राफिक्स कार्ड: नावापेक्षा व्हीरॅम

व्हीआरमधला सगळ्यात मोठा खर्च इथेच, आणि तो योग्यच आहे. पण नुसतं नाव बघू नका, मेमरी बघा. सिम्युलेटरमध्ये जमिनीची चित्रं, इमारती, ढग, कॉकपिट सगळं व्हीरॅममध्ये बसावं लागतं. ती भरली की सरासरी एफपीएस चांगला दिसतो, पण मध्येच हिसका बसतो. आणि हा हिसका नेमका लँडिंगच्या वेळी बसतो, कारण विमानतळ आणि शहर तेव्हाच लोड होत असतं.

माझा ठोकताळा असा. ८ जीबी कार्डवर व्हीआर चालेल, पण सेटिंग्ज बऱ्याच खाली आणाव्या लागतील. १२ जीबी, म्हणजे डेस्कटॉपचं आरटीएक्स ४०७० किंवा ५०७०, ही क्वेस्ट ३ साठी बरी सुरुवात. १६ जीबी, म्हणजे आरटीएक्स ५०७० टीआय किंवा रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी, इथे मन शांत राहतं. पिमॅक्स क्रिस्टलसारखा हेडसेट पूर्ण ताकदीने चालवायचा तर ४०९० किंवा ५०९० चीच गोष्ट येते, आणि ५०९० एकटं कार्ड ५७५ वॉटपर्यंत वीज घेतं. घरातला छोटा इन्व्हर्टर त्यापुढे हात जोडेल. लाइट वारंवार जात असेल तर यूपीएसचा खर्च बजेटमध्येच धरा.

रॅमचं थोडक्यात: मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ साठी कंपनीने किमान १६, शिफारस ३२ आणि आदर्श ६४ जीबी सांगितली आहे. व्हीआरसाठी ३२ घ्या, विषय संपला. आणि हो, हा सिम्युलेटर जमीन इंटरनेटवरून ओढतो. शिफारस ५० एमबीपीएसची आहे. मोबाइल हॉटस्पॉटवर डेटा पॅक कधी संपला ते कळणारही नाही.

तुमच्याकडे आधीच कॉम्प्युटर असेल तर नवीन काही घेण्याआधी ही चाचणी करा. रेंडर स्केल एकदम कमी करा. एफपीएस झटकन वाढला तर कार्ड कमी पडत होतं. वाढला नाही तर प्रोसेसर अडतोय, मग नव्या कार्डावर लाखभर घालून काहीही होणार नाही. ही चाचणी मुंबईवर कमी उंचीवरून उडताना एकदा करा आणि सह्याद्रीवरून उडताना एकदा. मुंबईच्या इमारतींची गर्दी सगळ्यात वाईट परिस्थिती दाखवते, घाटावर श्वास मोकळा होतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू केलात तर "मेन थ्रेडमुळे अडलं" की "जीपीयूमुळे अडलं" हे स्क्रीनवरच लिहून येतं.

लॅपटॉप घेणाऱ्यांनो, थांबा

होस्टेलवर राहणाऱ्यांचा, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचा हा प्रश्न खरा आहे. डेस्कटॉप ठेवायचा कुठे? मान्य. पण एक गोष्ट नीट ऐका. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०७० आणि डेस्कटॉपमधलं आरटीएक्स ४०७० हे एकच कार्ड नाही! डेस्कटॉपमध्ये १२ जीबी मेमरी, लॅपटॉपमध्ये ८ जीबी. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये १६ जीबी, डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये २४. नाव तेच, माल वेगळा.

दुसरं, पोर्ट. पिमॅक्ससारख्या हेडसेटला थेट डिस्प्लेपोर्ट लागतो, आणि तो मोठ्या ग्राफिक्स चिपला जोडलेला असावा लागतो. काही लॅपटॉपमध्ये तो प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सला जोडलेला असतो, काहींत फक्त एचडीएमआय असतो. क्वेस्ट यूएसबीवर किंवा वाय-फायवर चालतो, म्हणून लॅपटॉपवाल्यांसाठी तोच सोपा. तिसरं, उष्णता. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद खोलीत लॅपटॉपवर व्हीआर चालवाल तर दहा-पंधरा मिनिटांनी मशीन स्वतःचा वेग स्वतःच कमी करेल.

हेडसेट: कोणता कोणासाठी

पहिल्यांदाच घेताय तर क्वेस्ट ३. पॅनकेक भिंगांमुळे चित्र कडेपर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, आणि कॉकपिटमध्ये हे महत्त्वाचं आहे, कारण तुम्ही डोळे फिरवून मीटर वाचता, प्रत्येक वेळी मान फिरवत नाही. क्वेस्ट ३एस स्वस्त आहे, पण त्यात जुनी फ्रेनेल भिंगं आणि एका डोळ्याला १८३२ गुणिले १९२० पिक्सेल. नाचायच्या, तलवारीच्या गेमला उत्तम. बारीक आकडे वाचायच्या कॉकपिटला तडजोड.

इथे एक अपेक्षा नीट ठेवा. क्वेस्ट ३ मध्ये एका अंशाला साधारण २५ पिक्सेल येतात, पिमॅक्स क्रिस्टलमध्ये साधारण ३५. टेबलावरचा २४ इंची फुल एचडी मॉनिटर दोन फुटांवरून बघितला तर तिथे ४० च्या आसपास येतात. म्हणजे व्हीआरमध्ये जग भव्य दिसेल, पण आकडे मॉनिटरएवढे धारदार दिसणार नाहीत. पहिल्या दिवशी "हे धूसर का?" म्हणून घाबरू नका.

क्वेस्टची दुसरी मर्यादा म्हणजे त्यात डिस्प्लेपोर्ट नाही. चित्र व्हिडिओसारखं दाबून केबलने किंवा वाय-फायने पाठवलं जातं. त्यात थोडा तपशील आणि थोडा वेळ जातो. वाय-फाय वापरणार असाल तर राउटर त्याच खोलीत, ५ गीगाहर्ट्झवर, आणि कॉम्प्युटर राउटरला लॅन केबलने जोडलेला. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. बॅटरी दोन तासांच्या आसपास टिकते, हेही धरून चला. आपल्याकडे आयात केलेले सेट खूप विकले जातात, तेव्हा वॉरंटी कोण देणार हे पैसे देण्याआधी लेखी विचारा.

बिगस्क्रीन बियाँड हा फक्त १२७ ग्रॅमचा, क्वेस्ट ३ आहे ५१५ ग्रॅमचा. लांबच्या फ्लाइटला मानेला स्वर्ग. पण बेस स्टेशन वेगळे घ्यावे लागतात आणि तो तुमच्याच चेहऱ्याच्या मापाचा येतो, म्हणजे मित्राला देता येत नाही आणि पुढे विकायलाही अवघड.

आणि आता सेकंड हॅन्डमधला सापळा. एचपी रिव्हर्ब जी२. एका डोळ्याला २१६० गुणिले २१६०, एकेकाळी सिम्युलेटरवाल्यांचा लाडका, आणि आता मोहात पाडणाऱ्या किमतीत दिसतो. पण तो विंडोज मिक्स्ड रिअॅलिटीवर चालतो. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती काढूनच टाकली. हेडसेट चांगला, पण विंडोज अपडेट झालं की तो नुसता डोक्यावर घालायचा डबा. एका डेव्हलपरने स्वतंत्रपणे केलेला ड्रायव्हर आहे, पण तो एनव्हिडियाच्या कार्डांवरच चालतो. हे सगळं माहीत असून घेणार असाल तर घ्या. विकणारा "भारी डील आहे भावा" म्हणतोय म्हणून घेऊ नका.

चष्मा असलेल्यांनी नंबरच्या इन्सर्ट भिंगांचा खर्च धरावा. दोन बाहुल्यांमधलं अंतर चष्म्याच्या दुकानात दोन मिनिटांत मोजून मिळतं. क्वेस्ट ३ मध्ये ते ५८ ते ७१ मिलिमीटरपर्यंत चाक फिरवून जुळवता येतं. हे अंतर चुकलं तर डोकं दुखतं आणि लोक दोष कार्डाला देतात.

पोटाचं काय?

डोळे सांगतात विमान वळतंय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण खुर्चीत बसलोय. मेंदूचा गोंधळ होतो आणि मळमळतं. घाटात गाडी लागते ना, त्याच्याच उलट प्रकार. कॉकपिटची चौकट डोळ्यांसमोर स्थिर असल्यामुळे विमानात हा त्रास काही इतर गेम्सपेक्षा कमी होतो, पण होतो. पहिले काही दिवस पंधरा-वीस मिनिटंच. शांत हवामान, सरळ उड्डाण, समोर पंखा. मळमळ सुरू झाली की तिथेच थांबा. "जरा सहन करू" म्हणालात तर सवय होण्याऐवजी हेडसेट बघूनच पोट ढवळायला लागेल. आणि एफपीएस स्थिर ठेवा. वर-खाली होणाऱ्या ६० पेक्षा पक्के ३६, आणि मधली चित्रं सॉफ्टवेअरने भरलेली, हे बऱ्याच जणांना जास्त सोसतं. पंख्याच्या पात्यांभोवती थोडं थरथरल्यासारखं दिसेल, तेवढं चालवून घ्या.

एका श्रोत्याचा प्रश्न

सांगलीहून एका श्रोत्याने लिहिलंय, "दादा, धाकट्या भावाची बारावी सायन्स झाली, त्याला पायलट व्हायचंय. बाबा दोन लाख घालायला तयार आहेत. घरी व्हीआर सेटअप केला तर ट्रेनिंगचे तास कमी होतील का?"

मित्रा, सरळ उत्तर देतो: नाही. आपल्याकडे कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि घरच्या सिम्युलेटरवरचा एकही तास लॉगबुकात धरला जात नाही. सुरुवातीला ज्या स्विस सिम्युलेटरचा उल्लेख केला, त्याला मान्यता मिळाली ती नुसत्या हेडसेटला नाही. त्याखाली हलणारा प्लॅटफॉर्म होता, हातात खऱ्यासारखी कंट्रोल्स होती, आणि तो सगळा संच तपासला गेला. आपला क्वेस्ट म्हणजे ते नव्हे.

मग उपयोग काय? चेकलिस्ट तोंडपाठ होते, सर्किटचा क्रम डोक्यात बसतो, उपकरणं कुठे आहेत ते अंगवळणी पडतं. पुढे विमानातला प्रत्येक तास हजारो रुपयांचा असतो, तिथे "हा स्विच कुठे आहे" हे शोधण्यात वेळ जात नाही. पण तोटाही आहे. सिम्युलेटरवर शिकलेली मुलं बाहेर बघण्याऐवजी मीटरकडेच बघत बसतात, आणि ही सवय मोडायला शिक्षकाला वेळ घालवावा लागतो. व्हीआरमध्ये ही सवय थोडी कमी लागते, एवढंच.

म्हणून बाबांना सांग, दोन लाखांतला पहिला खर्च मेडिकलचा. आधी क्लास २, मग क्लास १. भावाची नजर, रंग ओळखणं, कान, हृदय, यात काही अडचण असेल तर ती आत्ता कळलेली बरी. त्यानंतर एखाद्या फ्लाइंग स्कूलला जाऊन या, बारामतीला आहे, गोंदियाला आहे. तिथे शिकणाऱ्या मुलांशी बोला. मग घरी एक साधी जॉयस्टिक, असलेला कॉम्प्युटर, आणि सराव. व्हीआर हा त्यातला शेवटचा खर्च. बाबांचे पैसे आहेत रे, जपून.

खरेदीचा क्रम

सगळ्यांसाठीच क्रम सांगून संपवतो.

पहिली जॉयस्टिक. हेडसेट घातल्यावर कीबोर्ड दिसत नाही! त्यामुळे थ्रॉटल आणि भरपूर बटणं हातात हवीत. नजर मध्यावर आणायचं बटण तर सगळ्यात आधी नेमून ठेवा.

दुसरं, फुकटात चाखून बघा. डीसीएस वर्ल्ड मोफत आहे, त्यात दोन विमानं मिळतात आणि व्हीआरही चालतो. एक्स-प्लेन १२ चा डेमो मोफत आहे. ओपनट्रॅक नावाचं मोफत सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमने तुमच्या मानेची हालचाल ओळखतं आणि मॉनिटरवरचं दृश्य फिरवतं. खोली जाणवत नाही, पण मान वळवायची मजा येते. काही जणांचं समाधान इथेच होतं आणि लाखभर वाचतात.

तिसरं, कोणाकडे तरी जाऊन हेडसेट अर्धा तास घालून बघा. पोट काय म्हणतंय ते दुसऱ्याच्या हेडसेटवर कळलेलं बरं.

चौथं, आधी हेडसेट ठरवा, मग त्याच्या पिक्सेलप्रमाणे कार्ड, मग प्रोसेसर, मग ३२ जीबी रॅम. उलट क्रमाने गेलात तर कॉम्प्युटर एकीकडे आणि हेडसेट दुसरीकडे.

आणि ईएमआयवर घेणार असाल तर एवढंच विचारा: हप्ते संपेपर्यंत मी हे आठवड्यातून एकदा तरी वापरणार आहे का? उत्तर "हो" असेल तर बिनधास्त घ्या. जुहूवरून उड्डाण करा, डावीकडे समुद्र ठेवून उत्तरेला वळा, आणि मान वळवून मागे पडणारी मुंबई बघा. पैसे वसूल वाटतील.

तुमच्याकडे आत्ता कोणता कॉम्प्युटर आहे आणि रेंडर स्केलच्या चाचणीत काय निघालं, ते मेसेज करून कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातली काही उदाहरणं घेऊ आणि सेटिंग्ज एकेक करून बघू. तोपर्यंत काळजी घ्या, पंखा समोर ठेवा, भेटूया!